ब्रायन मेचा गिटार टोन घरी कसा जमवायचा: नाण्यापासून अँपपर्यंत सगळं

गिटार शिकणाऱ्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो, क्वीन ह्या ब्रिटिश रॉक बँडच्या ब्रायन मेसारखा आवाज काढायला कुठलं पेडल, म्हणजे पायाने दाबायचा इफेक्टचा डबा, घेऊ? आणि मी दर वेळी हेच सांगतो की बाबांनो, पेडल सगळ्यात शेवटी. ह्या माणसाच्या साखळीत वस्तू मोजक्याच आहेत, हातात एक नाणं, घरी बनवलेली एक गिटार, एक छोटा बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारी पेटी, आणि फुल आवाजावर ठेवलेला व्हॉक्सचा एसी ३० अँप, बस. पण त्यातली प्रत्येक वस्तू पुढच्या वस्तूला ढकलते, आणि मधली एक जरी बदलली तरी पुढचं सगळं गणित बदलतं, म्हणून ज्या क्रमाने आवाज तारेतून स्पीकरपर्यंत जातो साधारण त्याच क्रमाने आपण पण जायचं. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याचा हेक्टिक्स नावाचा पहिला बँड झाला, त्यामुळे क्वीनबद्दल आपल्याकडे एक वेगळीच आपुलकी आहे, पण आजचा विषय त्याच्या शेजारी उभं राहून वाजवणारा तो कुरळ्या केसांचा उंच माणूस.

पायरी १: आधी गिटार समजून घ्या

ब्रायन मेची गिटार म्हणजे रेड स्पेशल. १९६३ साली, शाळेत असताना, त्याने आणि त्याच्या वडिलांनी ती घरी बनवायला घेतली, वडील हॅरोल्ड मे इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार होते, आणि पूर्ण व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली. नेकसाठी जुन्या फायरप्लेसचं महोगनी लाकूड वापरलं, त्यात किड्यांनी पाडलेली भोकं होती ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक. फ्रेटबोर्डवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईची शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोच्या (दांडी दाबून सूर खालीवर करायच्या यंत्रणेच्या) स्प्रिंगा १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या इंजिनातल्या आणि ट्रेमोलोच्या दांडीचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. हे सगळं वाचून जुगाड वाटेल पण जुगाड नाही, बापलेकांनी प्रत्येक गोष्ट विचार करून केली आहे. ट्रेमोलो धारदार पात्यावर तोलला आहे आणि ब्रिजवर तारांखाली छोटे रोलर आहेत, म्हणजे घर्षण कमी आणि दांडी दाबून सोडली तरी तार परत सुरात येते. बॉडीत मुद्दाम पोकळ्या ठेवल्या कारण त्याला फीडबॅक (अँपच्या आवाजाने तार परत थरथरून सूर टिकणं) हवा होता, पण संगीतातला फीडबॅक, कर्कश शिट्टी नको.

आता हे तुम्हाला आम्हाला घरी बनवायला जमणार नाही, आणि गरजही नाही. ब्रायन मेच्या स्वतःच्या कंपनीची कॉपी मिळते, बजेट असेल तर सरळ ती घ्या, पण बहुतेकांकडे स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर ह्या मॉडेलच्या) आकाराची गिटार असते आणि ती चालते. आपल्याला त्यातून तीन गोष्टी काढायच्यात: तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेची थरथर पकडणारे, एका कॉइलचे चुंबक), ते सिरीजमध्ये जोडलेले आणि प्रत्येकाला फेज उलटा करायची, म्हणजे सिग्नलची दिशा उलटायची सोय.

इथे जरा थांबतो कारण खरी मेख इथेच आहे आणि बहुतेक लोक हा भाग सोडून पुढे पळतात.

रेड स्पेशलवर बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप आहेत. ते मुळात मायक्रोफोनिक होते, म्हणजे मोठ्या आवाजात शिट्टी मारायचे, म्हणून ब्रायनने त्यात अराल्डाइट ओतून कॉइल घट्ट करून टाकलं. साध्या स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप एकत्र लावले की ते पॅरलल जोडले जातात, आवाज मोकळा, काचेसारखा आणि थोडा पातळ होतो. रेड स्पेशलमध्ये तेच दोन पिकअप एकामागोमाग एक, सिरीजमध्ये लागतात, म्हणून आवाज वाढतो, मधल्या पट्टीत जाड होतो, हंबकरच्या (दोन कॉइलच्या जाड आवाजाच्या पिकअपच्या) ताकदीचा होतो पण दोन पिकअपमध्ये अंतर असल्यामुळे हंबकरपेक्षा बोलका राहतो. प्रत्येक पिकअपला चालू-बंद करायचा एक स्विच आणि फेज उलटायचा एक स्विच, असे एकूण सहा स्विच, आणि सगळ्यांना मिळून एकच व्हॉल्यूम, एकच टोन.

ह्यातल्या दोन जुळण्या पाठ करा. पहिली म्हणजे ब्रिज आणि मधला पिकअप, दोन्ही एकाच फेजमध्ये, हा त्याचा रोजचा आवाज, रिफ पण ह्याच्यावर आणि बरेचसे सोलो पण. दुसरी म्हणजे नेक आणि मधला, पण एक फेजमध्ये उलटा. शेजारशेजारचे दोन पिकअप उलट्या फेजमध्ये लावले की खालचे सूर एकमेकांना मारतात आणि वरचे हार्मोनिक शिल्लक राहतात, क्लीन अँपवर हे ऐकाल तर डब्यात बसून वाजवल्यासारखं चिरकं वाटेल आणि म्हणाल हे काय, पण तोच आवाज बूस्टरमधून फुल तापलेल्या अँपमध्ये गेला की किंचाळायला लागतो आणि गातो.

तुमच्या गिटारवर हे करायचं असेल तर सहा पायांचे छोटे टॉगल स्विच लागतात, दुकानात डीपीडीटी म्हणून मागा, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत सहज मिळतात, किंमतही फार नसते. सगळे सहा बसवायची गरज नाही. एक स्विच ब्रिज आणि मधला सिरीजमध्ये आणायला, आणि एक मधल्याचा फेज उलटायला, एवढ्यावर नव्वद टक्के काम होतं असं माझं मत आहे. सोल्डरिंग करताना एक लक्षात ठेवा, ज्या पिकअपचा फेज उलटणार आहात किंवा जो सिरीजमध्ये वरच्या बाजूला येणार आहे त्याची अर्थची वायर सर्किटपासून सुटी हवी, आणि त्याला धातूचं कव्हर असेल तर कव्हरची अर्थ वेगळी काढून घ्यावी लागते, नाहीतर कव्हरला बोट लागलं की घूं आवाज येणार. अजून एक, हल्लीच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलट गुंडाळलेला आणि उलट चुंबकाचा असतो त्यामुळे दुसऱ्याबरोबर लावला की हम, म्हणजे मागचा घूं आवाज, कमी होतो. त्याच्या वायरी उलटून फेज बदलला की हा फायदा जातो आणि हम वाढतो. वायरिंग चुकलेलं नसतं, ते तसंच होणार.

हात सोल्डरिंगला घाबरत असतील तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या पण वायरिंगचा कागद स्वतः काढून न्या, "सिरीज" हा शब्द त्यावर मोठ्या अक्षरात लिहा. पिकअपच बदलायचे असतील तर स्ट्रॅटच्या खाचेत बसणारे छोटे ट्राय-सॉनिक पण मिळतात, पण ते नंतर, आधी वायरिंग.

पायरी २: तारा आणि ताण

रेड स्पेशलची स्केल लेंथ, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, २४ इंच आहे, स्ट्रॅटची साडेपंचवीस. हा दीड इंच हाताला चांगलाच जाणवतो. तो ९ च्या गेजच्या बारीक तारा वापरतो, म्हणजे ०.००९ पासून ०.०४२ पर्यंत, आणि छोट्या स्केलवर त्या अजूनच ढिल्या होतात, म्हणून त्याचे बेंड (तार ओढून सूर चढवणं) इतके सहज आणि व्हायब्रेटो इतका मऊ लागतो.

आता स्ट्रॅटवर हे कसं आणायचं? ९ च्याच तारा लावा आणि गिटार अर्धा सूर उतरवा. ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, हिशोब केला तर साडेपंचवीस इंचाची गिटार अर्धा सूर उतरवली की तारांचा ताण जवळपास २४ इंचाच्या गिटारीएवढाच येतो. आणि मग पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारी पकड) लावला तर कॅपोपासून ब्रिजपर्यंत अंतर साधारण २४ इंच, सूर परत स्टँडर्ड. म्हणजे एका कॅपोमध्ये तुम्हाला रेड स्पेशलचं माप मिळालं! एकदा करून बघाच, बेंड करताना बोटाखाली जो फरक पडतो तो लिहून सांगता येत नाही.

तारा ढिल्या झाल्या की डावा हात हलका ठेवावा लागतो, जोरात दाबलं तर सूर चढतो. ब्रायनचा हात खूप हलका आहे, त्याचे व्हिडिओ बघताना डाव्या हाताकडे बघा. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांनी वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसायच्याच, दमट हवेत बारीक तारा पटकन गंजतात आणि गंजलेल्या तारेवर नाणं घासलं की जो आवाज येतो तो कुणालाच नको असतो.

पायरी ३: नाणं

हो, तो प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाही, सिक्सपेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतो. हे नाणं १९८० मध्ये इंग्लंडमधून चलनातून गेलं. प्लास्टिकचा पिक वाकतो, त्यात बोटाची थोडी हालचाल वाया जाते, नाणं वाकत नाही त्यामुळे तारेवर काय होतंय ते थेट बोटाला कळतं. आणि नाण्याच्या कडेला बारीक रेघा असतात. नाणं तारेला समांतर धरलं तर आवाज गोल आणि मऊ, थोडं तिरकं केलं की त्या रेघा तारेवर घासतात आणि सुराच्या सुरुवातीला एक खर्र असा खरखरीत उच्चार येतो, जसं गाताना शब्दाच्या आधी व्यंजन येतं. क्वीनची गाणी हेडफोनवर ऐका, बऱ्याच सोलोंमध्ये तो खर्र ऐकू येईल.

सिक्सपेन्स परदेशातून मागवता येतं पण आधी घरातलं जुनं डबडं उघडा, चाराण्याचं जुनं नाणं शोधा. साधारण १९ मिलिमीटरचं, सिक्सपेन्सच्या अगदी जवळचं माप. २५ पैसे ३० जून २०११ पासून चलनातून गेले पण बऱ्याच घरात देवघरात नाहीतर आजीच्या बटव्यात दोन-चार पडून असतात. कडेला रेघा आहेत असंच नाणं निवडा, गुळगुळीत कडेचं घेतलं तर तो खर्र येणार नाही.

धरायचं कसं, तर अंगठा आणि वाकवलेली तर्जनी ह्यांच्यामध्ये सैल. सैल हा शब्द महत्त्वाचा आहे. घट्ट धरलं तर तारा तुटतील, हात दुखेल आणि सगळे सूर एकसारखे ठोकळे येतील. रोज थोडा वेळ एकच सूर घ्या, समजा तिसऱ्या तारेवर सातवा फ्रेट, आणि नाणं हळूहळू समांतरपासून तिरकं करत न्या, आवाजातला फरक कानाने टिपा. हे कंटाळवाणं आहे पण सगळ्या लेखात फुकट मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच. जाड तारांवरचं गुंडाळणं नाण्याने लवकर झिजतं, त्यामुळे तारांचा एक जादा सेट घरात ठेवा.

पायरी ४: अँप

लंडनच्या मार्की क्लबमध्ये तरुण ब्रायन मे रॉरी गॅलॅघरला ऐकायला जायचा, तेव्हा रॉरी टेस्ट नावाच्या बँडमध्ये होता. कार्यक्रमानंतर त्याने रॉरीला विचारलं हा आवाज कसा काढतोस, आणि रॉरीने काही न लपवता दाखवलं, व्हॉक्स एसी ३० आणि त्याच्या आधी डॅलस रेंजमास्टर नावाची छोटी पेटी. ब्रायनने जाऊन तेच घेतलं आणि आयुष्यभर तेच धरून राहिला. एवढ्या मोकळ्या मनाने आपलं गुपित सांगणारा माणूस भेटला नसता तर क्वीनचा आवाज काय झाला असता कोण जाणे, मला रॉरीबद्दल ह्या एका गोष्टीसाठी फार आदर आहे.

एसी ३० मध्ये चार ईएल ८४ ट्यूब असतात, ३० वॉट आणि १२ इंचाचे दोन सेलेशन स्पीकर, जुन्या मॉडेलमध्ये निळ्या रंगाचे अल्निको चुंबकवाले. ह्या अँपच्या पॉवर भागात निगेटिव्ह फीडबॅक (बाहेरचा थोडा सिग्नल परत आत देऊन आवाज आवरायची सोय) नसतो, त्यामुळे तो स्वच्छ आवाजातून फाटक्या आवाजात एकदम उडी मारत नाही, हळूहळू जातो आणि वरच्या टोकाला आवाज दाबून धरतो, म्हणून सूर लांब टिकतात. ब्रायन नॉर्मल चॅनल वापरतो, टॉप बूस्टवाला नाही. नॉर्मल चॅनलला बास ट्रेबल काही नसतं, फक्त व्हॉल्यूम, आणि अँपचा एकत्र असा कट नावाचा, वरचे सूर कमी करणारा नॉब. व्हॉल्यूम फुल. त्याच्या नंतरच्या अँपमध्ये तर नॉर्मल सोडून बाकीचे चॅनल काढूनच टाकलेत.

आता ३० वॉटचा ट्यूब अँप फुल आवाजात सोसायटीत वाजवून बघा, दुसऱ्या मिनिटाला दारावर बेल वाजेल. वॉट ऐकून लोकांना वाटतं ३० म्हणजे कमी, पण ट्यूबचे ३० वॉट पूर्ण उघडले तर छोट्या हॉलला भारी पडतात. म्हणून घरासाठी रस्ते असे. एसी ३० च्याच कुळीतला ४ वॉटचा किंवा तसाच छोटा ट्यूब अँप घ्या आणि तो फुल करा, हा माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग, कारण फुल उघडलेल्या छोट्या अँपचं वागणं मोठ्या अँपच्या जवळ जातं. किंवा मोठा अँप असेल तर स्पीकरच्या आधी अटेन्युएटर, म्हणजे आवाज कमी करणारी पेटी, लावा. किंवा मॉडेलिंग अँप (दुसऱ्या अँपच्या आवाजाची नक्कल करणारा), त्यात व्हॉक्स जातीचं मॉडेल निवडा, बऱ्याचदा ब्रिटिश किंवा क्लास ए असं नाव असतं, गेन जवळपास वर, बास अर्ध्याच्या खाली, आणि आतला डिस्टॉर्शन वगैरे सगळा बंद. किंवा लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस, आयके मल्टिमीडियाचं अँप्लिट्यूब ब्रायन मे ह्या नावाचं सॉफ्टवेअरच आहे, गिटार, बूस्टर, अँप सगळं त्यात मांडलेलं, रात्री हेडफोनवर रियाज करणाऱ्यांसाठी उत्तम.

ट्यूब अँप असेल तर दोन गोष्टी डोक्यात पक्क्या. स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू करायचा नाही, आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मागचं झाकण उघडून स्वतः काही करायचं नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज उरलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातल्या सॉकेटला अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, तिसरी पिन दिसते पण मागे वायरच नाही अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. अर्थ नसेल तर तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात, आणि हातात गिटार धरून माइकला ओठ लागले तर झटका बसू शकतो, हा गंमतीचा विषय नाही. ब्रिटिश अँप आपल्या २३० व्होल्टवर चालतात, अमेरिकेतून कुणी नातेवाईक अँप आणणार असेल तर आधी व्होल्टेज विचारा, तिथे १२० आहे.

पायरी ५: ट्रेबल बूस्टर

हाच तो एकुलता एक पेडल ज्याशिवाय हा आवाज होत नाही. रेंजमास्टरमध्ये ओसी ४४ हा एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर होता आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे बाकीचे पार्ट. सिग्नल आत येतो तिथे एक छोटा कपॅसिटर आहे, ०.००५ मायक्रोफॅरडचा, तो खालचे सूर कमी आत सोडतो आणि वरचे भरपूर, मग ट्रान्झिस्टर ते वाढवतो. ऐकायला वाटतं मग आवाज तर पातळ होणार, पण तसं होत नाही, कारण पुढे फुल तापलेला एसी ३० आहे. त्या अँपला फुल आवाजात गिटारचा सगळा बास दिला तर तो चिखल करतो, सगळे सूर एकमेकात मिसळतात. बूस्टर बास आधीच कापतो आणि मधले-वरचे सूर जोरात ढकलतो, अँप ते दाबतो, जाड करतो, आणि बाहेर येतो तो भरलेला पण स्वच्छ आवाज ज्यात कॉर्डचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. पुढे पीट कॉर्निशने त्याला टीबी-८३ नावाचा बूस्टर बनवून दिला, त्याचा गेन ३२ डेसिबल, म्हणजे सिग्नल जवळजवळ चाळीस पट, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग फ्रायरने बनवलेले बूस्टर आले.

विकत घेताना किंवा बनवताना काय बघायचं? जर्मेनियमचा आवाज मऊ आणि गोड, पण तो ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवा असतो, तापमान वाढलं की त्याची गळती वाढते आणि बायस, म्हणजे त्याचं ठरलेलं कामाचं व्होल्टेज, सरकतो. नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या एप्रिल-मे महिन्यात उघड्यावर कार्यक्रम असेल तर सकाळी साउंडचेकला जो आवाज होता तो दुपारी नसतो. तिकडच्या लोकांनी सिलिकॉनचा बूस्टर घ्यावा असं मी स्पष्ट सांगेन, आवाज जरा कडक पण भरवशाचा. दुसरं, जुन्या पद्धतीचे जर्मेनियम बूस्टर पॉझिटिव्ह अर्थवर चालतात, ते बाकी पेडलबरोबर एकाच अडॅप्टरच्या फाट्यांवर जोडले तर सप्लाय शॉर्ट होतो. त्याला वेगळी ९ व्होल्टची बॅटरी द्या, करंट इतका कमी लागतो की बॅटरी महिनोन्महिने जाते, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची वायर काढून ठेवायची.

आणि जागा. बूस्टर गिटारच्या लगेच नंतर, सगळ्यांच्या आधी. ट्यूनर नाही, बफर (पिकअपला पुढच्या सर्किटपासून वेगळं करणारं सर्किट) नाही, वायरलेस नाही, काही मध्ये नको. ह्या सर्किटचा इनपुट पिकअपवर भार टाकतो आणि तो भार हाच आवाजाचा भाग आहे, मध्ये बफर आला की बूस्टरला पिकअप दिसतच नाही आणि आवाज एकदम टोचरा होतो. कित्येक जण म्हणतात ट्रेबल बूस्टर घेतला पण कानाला लागतो, दहातल्या बऱ्याच जणांचं कारण हेच असतं, नाहीतर मग क्लीन सॉलिड स्टेट अँपमध्ये लावलेला असतो जिथे दाबायला काही नाही.

पायरी ६: गिटारचा व्हॉल्यूम नॉब

आता सगळं जोडून झालं, अँप फुल, बूस्टर सतत चालू. हो, सतत चालू. मग स्वच्छ आवाज कुठून आणायचा? गिटारच्या व्हॉल्यूममधून. नॉब तीन-चारवर आणला की आवाज चकचकीत स्वच्छ, आर्पेजिओसाठी, म्हणजे कॉर्डचे सूर एकेक करून वाजवायला, मस्त. सहा-सातवर रिफ वाजवायला कुरकुरीत. दहावर सोलो. अख्ख्या गाण्यात पायाने काही दाबायचं नाही, करंगळीने नॉब फिरवायचा. त्यासाठी नॉब सहज फिरणारा हवा आणि करंगळीच्या टप्प्यात हवा. पहिल्या आठवड्यात विसरायला होतं, मग एकाच कॉर्डवर चार मात्रा तीनवर, चार मात्रा सातवर, चार मात्रा दहावर असा ठेका धरून सराव करा. टोन नॉब बहुतेक वेळ पूर्ण उघडा.

पायरी ७: डिले, आणि स्वतःबरोबर गाणं

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. १९७४ च्या शीअर हार्ट अटॅक अल्बममधल्या ब्रायटन रॉकचा लांबलचक सोलो ऐकला असेल, स्टेजवर तो कितीतरी मिनिटं चालायचा आणि एकच माणूस तीन गिटारींसारखा वाजायचा. त्याने एकोप्लेक्स हे टेपवर चालणारं डिलेचं, म्हणजे वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारं मशीन घेतलं, त्यातलं अंतर वाढवून घेतलं आणि दोन मशीन वापरली. मूळ आवाज एका अँपमध्ये, पहिला प्रतिध्वनी दुसऱ्या अँपमध्ये, दुसरा तिसऱ्यात. तिन्ही वेगळे अँप असल्यामुळे आवाज एकमेकात मिसळून चिखल होत नाही.

आपल्याला तीन अँप नकोत. लॅपटॉपवर करत असाल तर मूळ आवाज मध्ये, ८०० मिलिसेकंदाचा डिले पूर्ण डावीकडे, १६०० चा पूर्ण उजवीकडे. दोन्हीत फीडबॅक शून्य म्हणजे एकदाच परत यावा, आणि त्याचा आवाज मूळ आवाजाएवढाच मोठा ठेवा, नेहमीसारखा मागे दबलेला नको. डिले अँपच्या आवाजानंतर यायला हवा, आधी नाही, सॉफ्टवेअरमध्ये हे सोपं आहे. मेट्रोनोम ७५ वर लावा, त्याची एक मात्रा बरोबर ८०० मिलिसेकंदाची होते.

आता हे करा. पहिल्या मात्रेवर सा वाजवा, दुसऱ्यावर ग, तिसऱ्यावर प. तिसऱ्या मात्रेवर काय ऐकू येतं? तुमचा प मध्ये, आत्ताच वाजवलेला ग डावीकडून आणि सुरुवातीचा सा उजवीकडून, तिन्ही एकत्र, अख्खी मेजर कॉर्ड, आणि तुम्ही तर एका वेळी एकच सूर वाजवला होता. चौथ्या मात्रेवर वरचा सा घ्या, म्हणजे सा, प आणि ग. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा माणूस वेडा होतो, तासभर हातातून गिटार सुटत नाही. मग सूरांऐवजी छोटे तुकडे वाजवा, एका मात्रेत मावेल एवढी फ्रेज, पुढच्या मात्रेत तीच तिसऱ्या सुरावरून. लक्षात येईल की आत्ता वाजवलेला सूर दोन मात्रांनंतर पण चालला पाहिजे, त्यामुळे पुढचा विचार करून वाजवावं लागतं. लय जरा जरी हलली तर सगळं कोसळतं, म्हणून मेट्रोनोम सोडायचा नाही. एकच डिले पेडल असेल तर ८०० वर ठेवा, दोन सुरांची हार्मनी मिळेल, तीही कमी नाही.

बाकी इफेक्टबद्दल थोडक्यात. फेझर कधीतरी, वाह कधीतरी, रिव्हर्ब रेकॉर्डिंगमध्ये हवा तेवढा. ह्यातलं काही नसलं तरी अडत नाही.

पायरी ८: रेकॉर्डिंग आणि डीकी

क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बमवर चक्क छापलेलं असायचं की सिंथेसायझर वापरलेला नाही, कारण लोकांना खरंच वाटायचं की ह्या गिटारी नाहीतच. ते सगळे थर एक एक करून वाजवलेले. घरी करायचं तर पहिला ट्रॅक ब्रिज आणि मधल्या पिकअपवर, दुसरा त्याच फ्रेजचा तिसऱ्या सुरावरून पण नेक आणि मधल्यावर, तिसरा अजून वरचा, उलट्या फेजमध्ये. प्रत्येक थराचा पोत वेगळा ठेवला की थर एकमेकात बुडत नाहीत. बेंड आणि व्हायब्रेटो मात्र सगळ्या ट्रॅकवर एकाच वेळी सुरू आणि एकाच वेळी बंद, इथेच खरा घाम निघतो.

ह्या थरांसाठी ब्रायन बऱ्याचदा एसी ३० नाही तर डीकी अँप वापरायचा. क्वीनचा बास वाजवणारा जॉन डीकन, त्याला १९७२ च्या सुमारास कचऱ्यात एक छोटा सर्किट बोर्ड सापडला, तो त्याने बुकशेल्फ स्पीकरच्या खोक्यात बसवला, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाला. आवाज पातळ, मधल्या पट्टीत गोळा झालेला, व्हायोलिन नाहीतर क्लॅरिनेटसारखा. १९७५ च्या अ नाइट अॅट द ऑपेरा अल्बममधलं गुड कंपनी ऐका, त्यातला अख्खा जॅझ बँड म्हणजे गिटार आणि हा छोटा डबा. तुमच्याकडे बॅटरीवर चालणारा कुठलाही लहान अँप असेल तर त्याला बूस्टर लावून फुल करा, त्याच्यासमोर माइक ठेवा, इक्यूमध्ये खालचं आणि अगदी वरचं कापा, बऱ्यापैकी जवळ पोचता.

एसी ३० जातीचा अँप मागून उघडा असतो, त्यामुळे माइकने रेकॉर्ड करताना एक पुढे स्पीकरच्या मध्यापासून थोडा बाजूला आणि एक मागे ठेवा. मागच्या माइकचा फेज सॉफ्टवेअरमध्ये उलटा करा, नाहीतर दोघे एकमेकांचा बास खातात.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे

नाणं आणि ९ च्या तारा आज. मग सिरीज वायरिंग. मग ट्रेबल बूस्टर. मग अँप किंवा सॉफ्टवेअर, ह्यातलं जे आधीपासून घरात आहे ते धरून चाला. मग डिले. गिटार बदलायचा विचार सगळ्यात शेवटी, ती सुरात राहत असेल तर अजिबात घाई नको.

आवाज नीट येत नसेल तर शोधायचं पण ह्याच क्रमाने. टोचतोय तर बूस्टरच्या आधी काही आहे का बघा आणि अँपचा कट नॉब वाढवा. चिखल होतोय तर अँपचा बास कमी करा, बूस्टर चालू आहे ना तेही बघा. सूर टिकत नाही तर अँप पुरेसा उघडलेला नाही, किंवा मॉडेलिंगमध्ये गेन फारच खाली आहे. हम येतोय तर ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर आणि डिमर बंद करून बघा, सिंगल कॉइल आहेत, थोडा हम राहणारच, गिटार घेऊन जरा वळलं की एका दिशेला तो बराच कमी होतो, तिकडे तोंड करून रेकॉर्ड करा. आणि सगळं बरोबर असून पण तो खर्र येत नसेल तर नाणं थोडं अजून तिरकं धरा.